अक्षरं लहान होत गेली

हे घडलेलं आहे. माझ्याकडे फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, आणि कुणाशी वाद घालायची ताकद तर अजिबात उरलेली नाही. ज्याला पटेल त्याला पटेल.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. मला नाही लागली.

गुरुवार होता. भर दुपार. चिंचवड एमआयडीसीतला एक गाळा, त्याचा वरचा मजला.

इकडे राहणाऱ्यांना गुरुवार म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. लाईनच्या दुरुस्तीसाठी लाईटही त्याच दिवशी घालवतात. एरवी दिवसरात्र धडधडणारे प्रेस, लेथ, कॉम्प्रेसर, सगळे एकदम गप्प होतात. त्या शांततेची सवय नसेल तर कानात दडे बसल्यासारखं वाटतं.

माझं नाव विजयश्री. राहायला काळेवाडीत. नवरा शार्दूल चाकणला एका प्रेस शॉपमध्ये आहे. त्याची शिफ्ट दर आठवड्याला फिरते. तो थर्ड शिफ्ट करून येतो तेव्हा मी डबा भरत असते, मी घरी येते तेव्हा तो बूट घालत असतो. सासूबाई गुडघ्यांमुळे अंथरुणावरच आहेत. पाणी पहाटे येतं. त्या दिवसांत मी बसस्टॉपवर उभ्या उभ्या झोपायचे.

हे आधीच सांगते, कारण नंतर सगळे तेच म्हणाले. थकलीस, म्हणून दिसलं.

असेल. पण थकल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. अक्षरं मोठी होत नाहीत.

आमचं ऑफिस म्हणजे श्रीपाद सरांची वेबसाइटची छोटी फर्म. खाली साचे बनवणारी टूलरूम, वर आम्ही. वर जायला बाहेरून लोखंडी जिना. खाली मशीन सुरू झालं की आमच्या टेबलावरचा चहा थरथरतो.

आम्ही थीम बनवतो. थीम म्हणजे वेबसाइटचे कपडे. मजकूर शाळेचा असो नाहीतर दवाखान्याचा, वरचे कपडे आम्ही शिवायचे. रंग कोणता, अक्षर केवढं, दोन ओळींत जागा किती, हे सगळं एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिला स्टाइलशीट म्हणतात.

आधी मी त्या फाइलमध्ये एक आकडा बदलायचे, सेव्ह करायचे, मग ब्राउझरमध्ये जाऊन पान रिफ्रेश करायचे. नाही आवडलं की परत तेच. संध्याकाळपर्यंत बोटं भरून यायची.

आमच्याच ऑफिसातल्या सयाजीभाऊंनी ते एकदा पाहिलं.

"ताई, सारखं सारखं रिफ्रेश कशाला करायलाव? बोटं झिजतेत तुमची."

त्यांनी माझ्या मशीनवर एक छोटं टूल बसवून दिलं. ते फाइलवर लक्ष ठेवून असतं. इकडे सेव्ह केलं की तिकडे पान आपोआप बदलतं. बाजूला एक काळी खिडकी उघडी राहते. फाइल बदलली की तिच्यात एक ओळ उमटते. अमुक फाइल बदलली, पान ताजं केलं. एवढंच.

सयाजीभाऊ मूळचे परभणीकडचे. आधी चाकणला ट्रकच्या नंबरप्लेट आणि कंपन्यांच्या पाट्या रंगवायचे. हाताने, ब्रशने. मग स्टिकर कापायचं मशीन आलं, मग कॉम्प्युटर, मग वेबसाइट. पाटीवरचा मजकूर ते वाचायचे नाहीत, आधी बघायचे. "ह्या 'र'ला पोट नाही," असलं काहीतरी म्हणायचे. कोपऱ्यात खिडकीशी त्यांचं टेबल. बसायचे ते अगदी स्क्रीनला नाक लावून. काचेवर नाकाच्या शेंड्याचा तेलकट ठिपका कायम.

"मॉनिटरची पापी घेता का हो," असं आम्ही चिडवायचो. तेही हसायचे.

गेल्या दिवाळीनंतर ते त्या लोखंडी जिन्यावरून पडले.

संध्याकाळची वेळ होती आणि लाईट गेलेली. घरी निघाले होते. वरून तिसऱ्या की चौथ्या पायरीवर पाय चुकला आणि थेट खाली. काही दिवस हॉस्पिटलमध्ये होते. शुद्धीवर आलेच नाहीत.

पाय घसरला, सगळे म्हणाले. मीही तेच म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ते शाळांसाठीच्या एका थीमवर काम करत होते. एका शिक्षण संस्थेच्या सगळ्या शाळांच्या साइट त्याच थीमवर उभ्या राहणार होत्या. ती अर्धी राहिली. काही आठवडे कुणी तिला हात लावला नाही. मग संस्थेचे लोक चिडले. शुक्रवारी दाखवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो. ते काम गेलं असतं तर आमच्यातल्या दोघांना तरी घरी बसावं लागलं असतं. त्यातली एक मी, हे मला न सांगताही कळत होतं.

बुधवारी सर म्हणाले, "विजयश्री, तू सयाजीच्याच मशीनवर बस. सगळं तिथंच लावलेलं आहे. उद्या सुट्टी आहे, पण..."

त्या 'पण'पुढे काही बोलायचं नसतं.

गुरुवारी जेवणं उरकून मी पोचले. खाली सरूबाई होत्या. त्या आमच्या लायनीतल्या चार-पाच गाळ्यांची झाडलोट करतात. चिंचवडगावातल्या जुन्या. बादली घेऊन जिन्याच्या खालच्या पायऱ्या धूत होत्या.

"आज गुरुवार हाय की ताई. कशापायी आला?"

"काम आहे. उद्या दाखवायचंय."

"काम सरतंय व्हय कुणाचं. लाईट न्हाई बरं का."

"इन्व्हर्टर आहे."

"जा मंग. दमानं जा, पायऱ्या वल्ल्या हायेत."

इन्व्हर्टरवर एक मशीन आणि एक पंखा चालतो. राउटर चालत नाही. म्हणजे नेट नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा. बाहेरून कुणी आत शिरून काही करायचा प्रश्नच नव्हता.

मी सयाजीभाऊंच्या खुर्चीत बसले. काचेवरचा ठिपका कुणी पुसला नव्हता. मीही नाही पुसला.

टूल सुरू केलं. काळी खिडकी उघडली. शेजारी थीमचं पान उघडलं. वर शाळेचं नाव, खाली मोठ्या अक्षरांत 'प्रवेश सुरू', त्याखाली फिकट करड्या रंगात मजकूर. मी कामाला लागले. हा रंग, ती जागा, मेनूची पट्टी. सेव्ह. पान बदललं. सेव्ह. पान बदललं.

तास-दीड तास असाच गेला. डोळे जड झाले होते. मी हात मांडीवर ठेवून नुसती बसले. दोन मिनिटं डोळे मिटावेत म्हणून.

मिटायच्या आधी...

पान हललं.

मी काही सेव्ह केलं नव्हतं. माझे हात मांडीवर होते.

मजकुराची अक्षरं किंचित मोठी झाली होती.

काळ्या खिडकीत एक ओळ वाढली होती. स्टाइलशीट बदलली, पान ताजं केलं.

मला वाटलं, चुकून काहीतरी दाबलं गेलं. ब्राउझरचा झूम पाहिला, जिथल्या तिथे होता. फाइल उघडली. अक्षराचा आकडा जुनाच. फाइल शेवटची कधी बदलली ते पाहिलं, ती वेळही माझ्या मघाच्या सेव्हचीच.

म्हणजे फाइल बदललीच नव्हती. टूल म्हणत होतं, बदलली.

असं होतं कधीकधी. टूल आहे, गोंधळतं. मी पान स्वतः रिफ्रेश केलं. अक्षरं पूर्ववत झाली. मी सुस्कारा सोडला.

आणि मग...

पुन्हा मोठी झाली. या वेळी जास्त.

ओळी तुटून खाली सरकल्या. करडा रंग गडद झाला. मग काळा. अगदी काळा, पाटीवरच्या रंगासारखा. मी बघत होते. अंगात उठायचं त्राण नव्हतं, हे खरं सांगते. घाबरायलाही ताकद लागते.

काळ्या खिडकीत ओळी उमटत होत्या. एक. थांबून आणखी एक. कुणीतरी बसून सेव्ह करतंय, बघतंय, परत सेव्ह करतंय, तशा.

मी टूलच बंद केलं.

खिडकी गप्प झाली. आता पानाला बदलायला सांगणारं कुणी नव्हतं. त्या पानाची आणि फाइलची गाठच सुटली होती. कुठल्याही वेब डेव्हलपरला विचारा, टूल बंद केल्यावर पान आपोआप बदलू शकत नाही.

अक्षरं वाढत गेली.

मजकूर स्क्रीनबाहेर गेला. मग 'सुरू' गेलं. मग 'वेश' गेलं. शेवटी सगळ्या स्क्रीनभर एकच अक्षर उरलं. 'प्र'. काळंभोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रस्त्यापलीकडूनही वाचता आलं असतं.

तिथं ते थांबलं.

पंख्याचा आवाज. बाकी काही नाही. बाहेर एकही मशीन नाही, एकही टेम्पो नाही. सरूबाईंच्या बादलीचाही आवाज थांबला होता.

तेव्हा...

जिन्याच्या तळाशी पाऊल वाजलं.

लोखंडी पत्र्यावर चप्पल टेकावी तसं. एकच. मग बराच वेळ काही नाही.

मला वाटलं, सरूबाई वर येतायत. मी हाक मारणार होते. तेवढ्यात स्क्रीनकडे लक्ष गेलं.

अक्षर थोडं लहान झालं होतं.

दुसरं पाऊल. अक्षर आणखी लहान.

सरूबाई असं चढत नाहीत. त्या भरभर चढतात, बांगड्या वाजतात. हे कुणीतरी पायरी चाचपत चढत होतं. आधी पायाची बोटं टेकवायची, कड शोधायची, मग भार टाकायचा. मधे कठड्यावरून हात घसटल्याचा आवाज.

पाऊल पडलं की अक्षर लहान. पाऊल पडलं की अक्षर लहान.

'वेश' परत आलं. मग 'सुरू' आलं. मग खालचा मजकूर दिसायला लागला.

पावलं वरच्या पायरीवर आली. दाराशी थांबली.

दार उघडंच होतं, उकाडा होतो म्हणून मी वीट लावून ठेवलेलं. दारात ऊन पडलं होतं. त्या उन्हात कुणी नव्हतं. सावलीही नव्हती.

पान आता अगदी नेहमीसारखं दिसत होतं. नेहमीएवढी अक्षरं.

मला वाटलं, संपलं.

पण नाही... अक्षरं अजून लहान व्हायला लागली.

नेहमीपेक्षा लहान. मग त्याहून लहान. फरशीवरून मुंग्यांची रांग जावी एवढी. मी डोळे बारीक केले, मला वाचता येईना. ते वाचायचं तर काचेला नाक लावूनच वाचावं लागलं असतं.

माझ्या उजव्या गालाला ऊब लागली.

कुणी शेजारी वाकलं की लागते ना, तशी. अगदी जवळ. मी मान वळवली नाही. डोळे तेवढे स्क्रीनवर ठेवले.

काचेवर, त्या तेलकट ठिपक्याखाली, वाफेचा एक गोल डाग उमटला.

गेला.

परत उमटला.

मी काय करायला हवं होतं मला माहीत नाही. ओरडायला हवं होतं, पळायला हवं होतं. लोक तेच विचारतात. मी जे केलं ते सांगते. मला एवढंच सुचलं की मी त्यांच्या खुर्चीत बसले आहे आणि त्यांना वाकून बघावं लागतंय.

मी म्हणाले, "सयाजीभाऊ, बसा तुम्ही. मी उठते."

आणि उठले.

खुर्चीच्या जुन्या गादीतून हवा निघाली. कुणी बसल्यावर निघते तशी, हळूच.

मग मात्र मी थांबले नाही. पर्सही तिथंच राहिली. कठड्याला दोन्ही हातांनी धरून जिना उतरले. सरूबाई खाली टूलरूमच्या बंद शटरला टेकून बसल्या होत्या, पदरानं वारा घेत.

"सरूबाई, आत्ता वर कोण गेलं?"

"कोन न्हाई. मी हितंच हाय मघापासनं."

"पायांचा आवाज नाही आला?"

"न्हाई बाई." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "त्वांड का असं झालंय तुमचं? बसा हितं."

मी बसले. त्यांनी बाटलीतलं पाणी दिलं. मग म्हणाल्या, "वाचायचा आवाज तेवढा येत व्हता."

"कसला?"

"वाचायचा. बाप्या मानसाचा. पयलीतलं पोर वाचतं ना, तसं. एकेक अक्षर धरून, थांबून थांबून. मला वाटलं, तुमी मोबाइलवर काय लावलंय."

"काय वाचत होता?"

"ते मला काय ठावं? मला कुठं वाचाया येतंय? पर लई दमलेला वाटला मानूस."

माझा मोबाइल पर्समध्ये होता. बंद.

शुक्रवारी सर स्वतः लवकर आले, त्या मशीनवरून थीम घेऊन गेले. पान नीट होतं. अक्षरं जिथल्या तिथे. संस्थेच्या लोकांनी पसंत केली. सरांनी सगळ्यांना वडापाव मागवला. मी हे कुणाला बोलले नाही. शार्दूलला तेवढं सांगितलं. तो सेकंड शिफ्टहून आला होता, मोजे काढत होता. पूर्ण ऐकून घेतलं त्यानं.

"विजू, दोन दिवस रजा टाक. झोप काढ."

"तू माझ्याबरोबर तळेगावला येशील का? साधनावहिनींकडे?"

साधनावहिनी म्हणजे सयाजीभाऊंची बायको. तळेगाव दाभाड्यात स्टेशनच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या. शार्दूलला झोप हवी होती, पण तो नाही म्हणाला नाही. रविवारी गाडीवर गेलो.

वहिनींनी चहा केला. भिंतीवर भाऊंचा फोटो, हार ताजा. बोलता बोलता मी विचारलं, "भाऊंचा पाय नेमका कसा चुकला असेल हो? रोजचा जिना होता."

त्यांनी कप खाली ठेवला.

"त्यांना दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या.

मी पुढे सरकून बसले.

"दोन वर्षं झाली होती. कडेकडेनं जायलं होतं सगळं. डॉक्टर म्हणाले, विलाज नाही, हळूहळू पूर्णच जाईल. संध्याकाळ झाली की तर काहीच नाही. ऑफिसात कुणाला सांगू नको म्हणले. आंधळ्याला कोण ठेवतंय कामावर?"

"पण काम तर व्यवस्थित करायचे."

"घरी बसले ना, तर स्क्रीनवरची अक्षरं एवढाली करायचे." त्यांनी हात फाकवून दाखवले. "लांबून बघायचं असलं की मोठी. जवळ येतील तशी लहान करत आणायचे. शेवटी नाक टेकवून बघायचे, नेहमीएवढी दिसतेत का ते. ऑफिसातबी तसंच करत असतील. निघताना सगळं होतं तसं करून ठेवायचे, कुणाला कळू नये म्हणून."

शार्दूलनं माझ्याकडे पाहिलं.  त्यानं माझ्या हातातला कप काढून खाली ठेवला.

"ती शाळेची थीम तेवढी पूर्ण झालेली बघतो म्हणले," वहिनी सांगत होत्या. "मग सरांना सांगतो, सोडतो म्हणले. झाली का हो ती पूर्ण?"

"झाली. पसंत पडली."

"दाखवली का त्यांना?"

 मग वहिनींनीच पदर तोंडाला लावला. "फोटोपुढं म्हणते मी. फोटोपुढं तरी दाखवायची होती."

 परत येताना शार्दूलनं देहूरोडला गाडी कडेला घेतली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "तू ते ऑफिस सोड."

सोडून कुठे जाणार होते? दोघांनाही ते माहीत होतं. त्यानं परत किक मारली.

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं. डोळ्यांचंही आणि गुरुवारचंही.  डोळ्यांचं त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. पण गुरुवारचं ऐकताना त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांचीही झोप झालेली नव्हती, दिसत होतं.

"विजयश्री, टूलचा कॅशेचा घोळ असतो, जुनंच पान साठवून ठेवतं आणि दाखवतं. मीही बघितलाय. आणि सरूबाई काहीही बोलतात."

"असेल सर. पण मी त्या मशीनवर बसणार नाही."

"नको बसूस. येत्या गुरुवारी मी बसतो. तुझ्यासमोर. दुपारभर बसतो. मग तरी शंका जाईल ना?"

ते सरळ माणूस आहेत. मला खोटं पाडायचं नव्हतं त्यांना, भीती घालवायची होती.

गुरुवारी ते वर गेले. मी खाली सरूबाईंजवळ थांबले. वर जायला मीच नको म्हणाले. सरांनी इन्व्हर्टर लावला, मशीन सुरू केलं, खिडकीतून डोकावून म्हणाले, "हे बघ, थीम उघडली. टूलही लावलेलं आहे. आता बसतो."

आम्ही दोघी बसून राहिलो. सरूबाईंनी भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. लायनीत चिटपाखरू नव्हतं. समोरच्या गाळ्याच्या पत्र्यावर एक कावळा बसला होता, तोही उडून गेला.

आवाज काही आला नाही. पावलांचा नाही, वाचण्याचा नाही. मी सगळा वेळ कान देऊन होते.

ऊन उतरायला लागलं तरी सर खाली येईनात. मी हाक मारली.



दुसऱ्यांदा मारली. मग सर दारात आले. हळूहळू उतरले. कपाळावर घाम नव्हता, चेहरा भ्यालेला नव्हता. फार लांबचा प्रवास करून आल्यासारखे दिसत होते. माझ्याजवळ आले, किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

"काय झालं सर?"

"काही नाही."

"दिसलं काही?"

त्यांनी वर, दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते मशीन तिथंच राहू दे. त्या खुर्चीत कुणी बसू नका. थीम उघडी राहू दे."

"सर, पण काय..."

"विजयश्री, नको."

इतक्या हळू म्हणाले की मी पुढे विचारलं नाही. सरूबाईंनी शेंगांची टरफलं गोळा केली आणि उठल्या.

याला आता बरेच महिने झाले. सर आजतागायत त्यावर बोललेले नाहीत. एकदा चहा पिताना मी विषय काढला, तर कप तसाच ठेवून बाहेर गेले. साधनावहिनींकडे ते जाऊन आले, हे मला वहिनींकडूनच कळलं. तिथे काय बोलले ते वहिनीही सांगत नाहीत.

मी अजून तिथेच आहे. माझं टेबल दुसऱ्या भिंतीला हलवलंय. टूल वापरत नाही. बोटं दुखतात, दुखू देत.

मला काय दिसलं ते मी सांगितलं. त्याचा अर्थ काय, ते मला माहीत नाही. शार्दूल म्हणतो, सोडून दे विचार. देते. मग दुसरंच काहीतरी दिसतं.

परवाचीच गोष्ट. गुरुवार होता, पण सगळे कामावर होतो, मोठी ऑर्डर आहे म्हणून लॅपटॉप चार्ज करून आणलेले. मी जिन्याच्या तळाशी होते, सर वरून उतरत होते. मधल्या पायरीवर ते थांबले. मला वाटलं, माझ्यासाठी थांबले. पण मी अजून पहिल्या पायरीवर पायही ठेवला नव्हता.

ते कठड्याला पाठ लावून, अंग चोरून उभे राहिले. खालून वर येणाऱ्या कुणाला तरी वाट द्यावी तसे.

बराच वेळ उभे राहिले. घाई नसलेल्या माणसाला जाऊ द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मग खाली आले.

"लाईट कधी येणार म्हणे?" त्यांनी विचारलं.

"पाचला."

"बरं," म्हणाले, आणि चहाच्या टपरीकडे गेले.

मी तिथेच उभी राहिले थोडा वेळ. वर कुणीच नव्हतं, बाकीचे जेवायला गेले होते. पण काम पडलं होतं.

मग कठडा धरला आणि चढायला लागले.